नागपूरच्या बॉक्सिंगची उरलेली वही

प्रति,
मा. उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा, नागपूर विभाग,
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका,
मा. कुलगुरू, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ,
तसेच शहरातील बॉक्सिंग संघटनांचे सर्व पदाधिकारी

विषय : नागपूर व कामठी परिसरातील बॉक्सिंगच्या इतिहासाची नोंद आणि जतन करण्याबाबत.

महोदय, महोदया,

हे पत्र लिहायला बसलो आहे तेव्हा माझ्यासमोर टेबलावर लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. किराणा दुकानात उधारी लिहायला ठेवतात तशीच ही वही आहे, पण तिच्यात उधारी नाही. रेल्वे वसाहतीतल्या इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबच्या, मागच्या अंगणात आम्हा मुलांना बॉक्सिंग शिकवणाऱ्या आमच्या मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ती लढतींची नोंदवही आहे. मास्तर रेल्वेत फिटर होते. दिवसपाळी असली की संध्याकाळी साडेपाचला आणि रात्रपाळी असली की पहाटे ते अंगणात हजर असत. त्यांनी अशा नऊ वह्या भरल्या होत्या. त्यांतली ही एकच उरली, आणि तीही केवळ तिची शिवण उसवली म्हणून दुरुस्तीसाठी माझ्याकडे आली होती, एवढ्याच योगायोगाने.

बाकीच्या आठ वह्यांचे काय झाले ते आधी सांगतो, कारण या पत्राचे मूळ तिथे आहे. मास्तर गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी वह्या, जुनी छायाचित्रे, स्पर्धांची छापील पत्रके आणि काही बिल्ले अशी दोन पोती भरून शहरातल्या एका संस्थेकडे सुपूर्द केली. तिथे हे सारे सुरक्षित राहील असा त्यांचा भाबडा नव्हे, तर अगदी रास्त समज होता. तीन वर्षांनी मी ती पाहायला गेलो, तेव्हा कळले की एका बक्षीस समारंभाआधी इमारतीला रंग देताना कपाटे रिकामी करण्यात आली आणि पोती रद्दीवाल्याला दिली गेली. कोणी मुद्दाम केले नाही. त्या पोत्यांत काय आहे हे तिथल्या कोणालाच ठाऊक नव्हते आणि ती घेतल्याची पोचही कोणी दिलेली नव्हती. मी कोणावर आरोप करण्यासाठी हे लिहीत नाही. पण एका शहराच्या खेळाचा तीस वर्षांचा लेखाजोखा किलोच्या भावाने जाऊ शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते विसरणे मला जमलेले नाही.

२०२१ च्या एप्रिल महिन्यात हे शहर करोनाच्या दुसऱ्या लाटेत होरपळत होते. रुग्णवाहिकांच्या आवाजाशिवाय रस्त्यावर आवाज नव्हता आणि रोज कोणा ना कोणा परिचिताची बातमी कानावर येत होती. त्याच दिवसांत, २२ एप्रिलला, पोलंडमधल्या किल्त्से येथून आणखी एक बातमी आली : युवा गटाच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या अल्फिया पठाण हिने ८१ किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत मोल्दोव्हाच्या दारिया कोझोरेझला ५-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी सात सुवर्णपदके जिंकली आणि त्यांतले एक मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात घाम गाळलेल्या, पोलीस दलात नोकरी करणाऱ्या बापाच्या लेकीचे होते. पुढच्याच वर्षी कझाकस्तानातल्या एलोर्दा चषकात तिने २०१६ ची विश्वविजेती लज्जत कुंगेइबायेवा हिला हरवून पुन्हा सुवर्ण आणले. घरात बसून टीव्हीवर किल्त्सेची ती बातमी ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी मोकळेपणाने सांगतो. मात्र त्या आठवड्यात अनेकांच्या तोंडून एक वाक्य ऐकले, ते मला अजून बोचते : 'नागपुरात बॉक्सिंग होतं कुठे?'

होते, महोदय. फार पूर्वीपासून होते. हे वाक्य बोलणाऱ्यांचा दोष नाही, कारण त्यांच्यासमोर ते कोणी कधी मांडलेच नाही. नागपूरच्या बॉक्सिंगचा सलग इतिहास मी गेली अनेक वर्षे ग्रंथालयांतून शोधतो आहे आणि माझ्या हाती अजून एकही पुस्तक लागलेले नाही. क्रिकेटचे आहे, कुस्तीच्या आखाड्यांवर लेख आहेत, मारबतीवर आहे, संत्र्यावर तर आहेच. ठोशांचा खेळ तेवढा तोंडी राहिला, आणि तोंडी राहिलेली गोष्ट माणसाबरोबर जाते.

या खेळाची मुळे शहरात दोन वाटांनी आली, असे मला जुन्या लोकांच्या बोलण्यातून आणि स्वतःच्या अनुभवातून दिसते. एक वाट छावणीची. इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यातली सीताबर्डीची लढाई १८१७ ची आणि कन्हान नदीकाठची इंग्रजांची कामठीची छावणी १८२१ ची. गोऱ्या पलटणींमध्ये बॉक्सिंग हा केवळ करमणुकीचा खेळ नव्हता, तर शिपायाच्या अंगी धीटपणा बाणवण्याचे साधन होते, आणि जिथे छावणी तिथे दोर बांधलेला चौकोन हे समीकरण देशभर होते. दुसरी वाट लोहमार्गाची. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. त्याच १८६७ साली लंडनमध्ये क्वीन्सबेरीचे नियम प्रसिद्ध झाले, ज्यांनी तीन मिनिटांची फेरी, मधली एक मिनिटाची विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा सेकंद आणि हातात ग्लोव्हज या चार गोष्टी घालून देऊन उघड्या मुठींच्या मारामारीला खेळाचे रूप दिले. हा योगायोग आहे, त्याला मी योगायोगच म्हणतो. पण आमच्या अंगणात मास्तर नवीन मुलाला पहिल्या दिवशी हेच सांगत : 'गाडी आणि बॉक्सिंग, दोन्ही वेळापत्रकावर चालतात.' तीन मिनिटे म्हणजे तीन मिनिटे. ते खिशातले रेल्वेचे घड्याळ हातात धरून उभे असत आणि शेवटच्या दहा सेकंदांना डब्याच्या झाकणावर पाना आपटत.

१८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि मोतीबाग, कडबी चौक, खलाशी लाइन, मोहननगर या भागाला एक वेगळाच रंग आला. इंजिन चालवणारे, गार्ड, फोरमन अशा जागांवर तेव्हा अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाचाचा हॉल असे, बिलियर्डचे टेबल असे आणि बॉक्सिंगही असे. हे देशातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या रेल्वे वसाहतीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा बॉक्सिंग संघ पहिल्यांदा उतरला, त्या सात जणांची यादी पाहिली तर जीन रेमंड, रॉबिन क्रॅन्स्टन, जॉन नटॉल, मॅक जोआकिम ही नावे रॉबिन भट्टा, बाबूलाल आणि बिनॉय बोस यांच्या बरोबरीने दिसतात. त्या समाजाने या देशाला बॉक्सिंग दिले, एवढे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. पुढे त्यांतली बहुतेक कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. जाताना त्यांनी सामानाबरोबर आपले अल्बमही नेले, आणि त्या अल्बमांत आपल्या शहराचा एक तुकडा परदेशी गेला.

आता मी माझ्या समोरच्या वहीकडे वळतो, कारण मला जे सांगायचे आहे ते तीच अधिक चांगले सांगते.

वहीत १९७१ ते १९७४ या काळातल्या नोंदी आहेत. तारीख, मुलाचा मोहल्ला, वजन, समोरचा कोण, निकाल आणि शेरा असे सहा रकाने मास्तरांनी पट्टीने आखलेले आहेत. वजन मालधक्क्यावरच्या काट्यावर होत असे, कारण आमच्याकडे दुसरा काटा नव्हता. रविवारी सकाळी आम्ही पोत्यांच्या रांगेत उभे राहून वजन देत होतो आणि धक्क्यावरचे हमाल आम्हाला नावानिशी ओळखत. यांतली सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की वहीत मुलांची आडनावे जवळजवळ कुठेच नाहीत. 'मोमिनपुरा धाकटा', 'खलाशी लाइन लंबा', 'पाचपावली डावखुरा', 'गोळीबार चौक', 'कामठीचा दुसरा' अशीच नोंद आहे. मास्तरांना मी एकदा कारण विचारले होते. ते म्हणाले की आडनाव लिहिले की वाचणारा आधी दुसरेच काहीतरी मोजायला लागतो. त्या अंगणात विणकराचा मुलगा होता, कोष्ट्याचा होता, ख्रिस्ती गार्डचा होता, इंदोऱ्यातून सायकलने येणारे दोघे भाऊ होते, आणि माझ्यासारखा एम्प्रेस मिलच्या कामगाराचा मुलगाही होता. १८७७ साली सुरू झालेल्या त्या मिलचा भोंगा हेच आमच्या घरचे घड्याळ होते. ग्लोव्हजच्या दोन जोड्या सोळा मुलांत होत्या. आधीच्याच्या घामाने ओले झालेले ग्लोव्हज दुसऱ्याने हातात घालायचे, त्यात कोणाला कोणाचा विटाळ होत नव्हता. त्या काळच्या शहरात, आणि मला म्हणू द्या, आजच्याही शहरात, ही लहान गोष्ट नाही.

शेऱ्याच्या रकान्यात बॉक्सिंगचे शिक्षण कसे होत असे ते दिसते. 'डावा हात खाली पडतो.' 'मागे सरकताना पाय जोडतो.' 'जॅब चांगला, पण मारून बघत बसतो.' 'हुक मारताना डोळे मिटतो, पंधरा दिवस फक्त शॅडो.' (जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हुक म्हणजे बाजूने वळवून मारलेला आणि शॅडो म्हणजे समोर कोणी नसताना हवेत केलेला सराव.) आणि मध्येच असे : 'याला घरी दूध मिळत नाही, लढत पुढे ढकलली.' 'बाप आजारी, आठ दिवस सुट्टी.' एका मुलाच्या नावापुढे सलग पाच पराभव आहेत आणि सहाव्या ओळीत, विजयाच्या नोंदीसमोर, मास्तरांनी फक्त एक टिंब देऊन ते दोनदा गिरवले आहे. तो मुलगा पुढे रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून लागला आणि त्याच्या घरातली पुढची पिढी शिकली. खेळाचा इतिहास म्हणजे पदकांची यादी असे मानले तर हा मुलगा त्यात कुठेच येणार नाही. मला त्याचा इतिहास हवा आहे.

साधनांविषयीही थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण ती माहिती असलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पंचिंग बॅग म्हणजे गोणपाटाचे पोते, त्यात खाली वाळू, मध्ये लाकडाचा भुसा आणि कडेने मिलमधल्या सुताच्या चिंध्या. नुसती वाळू भरली तर ती खाली बसून दगड होते आणि मनगट जाते, हे आम्ही एक मनगट गमावून शिकलो. रिंगचे खांब सागाच्या बल्ल्या होत्या आणि दोर मालगाडीवर ताडपत्री बांधायचे. खाली ताडपत्री, तिच्याखाली गवत. मे महिन्यात त्या ताडपत्रीवर अनवाणी पाय ठेवता येत नसे, म्हणून उन्हाळ्यात सराव पहाटे साडेचारला होई. हातांना गुंडाळायच्या पट्ट्या जुन्या धोतराच्या. दोरीवरच्या उड्या मात्र तशाच होत्या जशा त्या आज मानकापूरला मुली मारतात. काही गोष्टी बदलायची गरज पडत नाही.

या सगळ्याची कागदोपत्री नोंद एका ठिकाणी का नाही, याचा मी बराच विचार केला आहे, आणि मला वाटते की त्याचे एक कारण आपल्या शहराच्या भूगोलात नसून कारभाराच्या इतिहासात आहे. एखादा बॉक्सर १९४९ मध्ये अठरा वर्षांचा असेल तर तो मध्य प्रांत व वऱ्हाडचा खेळाडू होता. १९५० मध्ये तो मध्य प्रदेशाचा झाला आणि नागपूर त्याची राजधानी होती. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्याचा झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा. घर न बदलता, मोहल्ला न बदलता, त्याच दोरांच्या आत उभा राहून त्याने चार राज्ये पाहिली. रेल्वेचेही तसेच झाले. बंगाल नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली आणि २००३ मध्ये बिलासपूर मुख्यालय असलेली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. मोतीबागेच्या एखाद्या खेळाडूची कागदपत्रे शोधायची तर कोलकात्यापासून बिलासपूरपर्यंत वाट धरावी लागते. संघटनांच्या पातळीवर पाहिले तरी हीच तऱ्हा. मुंबईत १९२५ मध्येच हौशी बॉक्सिंगची संघटना उभी राहिली, देशपातळीवरची १९४९ मध्ये झाली आणि तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५० मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरली. डिसेंबर २०१२ मध्ये निवडणुकांच्या वादातून राष्ट्रीय संघटनेवर आंतरराष्ट्रीय निलंबन आले, मधल्या काळात दुसरी संघटना आली आणि अखेर २०१६ मध्ये सध्याचा महासंघ स्थिरावला. संघटना बदलली की कपाटाची किल्ली बदलते, आणि नव्या पदाधिकाऱ्याला जुन्या कपाटातले कागद आपले वाटत नाहीत.

मोतीबागेतच नॅरो गेज रेल्वेचे संग्रहालय आहे. २००२ मध्ये ते सुरू झाले तेव्हापासून मी माझ्या नातवंडांना घेऊन अनेकदा तिथे गेलो आहे. छोट्या लाइनीची इंजिने, कंदील, घंटा हे सारे तिथे मायेने जपलेले आहे आणि त्याबद्दल रेल्वेचे जितके आभार मानावे तितके थोडे. इंजिन जपणाऱ्या रेल्वेला, ते इंजिन दुरुस्त करून संध्याकाळी ग्लोव्हज चढवणाऱ्या माणसाचीही आठवण जपता येईल, असा मला विश्वास वाटतो.

मुलींविषयी मी वेगळे लिहिणार आहे, कारण तिथे माझ्या हातून चूक झालेली आहे. नव्वदच्या दशकात, मास्तर थकल्यावर अंगण मी सांभाळत होतो, तेव्हा दोन बहिणी सलग आठवडाभर कुंपणाबाहेर उभ्या राहून सराव पाहत होत्या. एके दिवशी त्यांनी आत यायचे का, असे विचारले. मुलींच्या स्पर्धाच नसतात, शिकून काय करणार, असे सांगून मी त्यांना परत पाठवले. मी जे सांगितले ते त्या दिवसापुरते खोटे नव्हते. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा २००१ मध्ये अमेरिकेत स्क्रँटन येथे झाली आणि ऑलिंपिकमध्ये महिलांचे बॉक्सिंग यायला २०१२ उजाडले, जिथे मेरी कोमने कांस्यपदक मिळवले. पण मास्तरांच्या वहीत 'स्पर्धा नाही' या कारणाने कोणाला परत पाठवल्याची एकही नोंद नाही. त्या दोघींचा मोहल्लादेखील मी लिहून ठेवला नाही. अल्फिया जिंकली त्या रात्री मला सर्वांत आधी त्या कुंपणाची आठवण झाली. आज शहराचा इतिहास लिहायचा तर तो फक्त आत आलेल्यांचा असून चालणार नाही, कुंपणाबाहेर राहिलेल्यांचाही त्यात यायला हवा, आणि त्यासाठी माझी साक्ष लागत असेल तर मी ती द्यायला तयार आहे.

तशीच दुसरी अवघड बाब दुखापतींची. डॉ. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ मध्येच लिहून ठेवले होते की डोक्यावर वर्षानुवर्षे मार बसलेल्या बॉक्सरांची चाल लडखडते, हात थरथरतात आणि बोलणे जड होते. आमच्या अंगणात हे कोणाला माहीत नव्हते. आमच्याकडे रिंगजवळ डॉक्टर नव्हता, हेडगार्ड नव्हते, आणि आज पडलेला मुलगा परवा पुन्हा उभा राहत असे. आज डोक्याला मार बसून नॉकआउट झालेल्या खेळाडूला किमान तीस दिवस रिंगपासून दूर ठेवण्याचा नियम आहे आणि लढतीच्या वेळी डॉक्टर हजर असतो. आमच्या पिढीतले एक उत्तम बॉक्सर आता स्वतःच्या नातवाचे नाव विसरतात. या खेळावर माझे आयुष्यभर प्रेम आहे, म्हणूनच मी म्हणतो की त्यांची नोंद विजयाच्या नोंदीशेजारीच झाली पाहिजे. ती लपवली तर तो इतिहास राहणार नाही, जाहिरात होईल.

विदर्भात या खेळाला जागा मिळाली की काय होते, याचे उदाहरण शेजारीच आहे. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून शिकलेल्या, बुलढाणा जिल्ह्यातल्या अनंता चोपडेने २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत ५२ किलो गटाचे सुवर्ण जिंकले. सराव, खुराक, प्रशिक्षक आणि निवारा या चार गोष्टी एका छताखाली आल्या. नागपूरला मानकापूरचे संकुल आहे, प्रशिक्षक आहेत, मुले-मुली आहेत. मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग ठेवण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे आज रिंगमध्ये उतरणाऱ्या मुलीसमोर ध्येयही स्पष्ट आहे. तिला हेही कळायला हवे की तिच्या आधी या शहरात पन्नास-साठ वर्षे कोणीतरी ताडपत्रीवर अनवाणी पाय भाजून घेतले आहेत.

म्हणून माझी मागणी अशी आहे. मला पुतळा नको, चौकाला नाव नको आणि कोट्यवधींची इमारत तर मुळीच नको, कारण इमारतीच्या निविदेत पाच वर्षे जातील आणि माझ्या ओळखीच्या, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्या अकरा जुन्या बॉक्सरांकडे पाच वर्षे नाहीत. मानकापूरच्या संकुलात, सरावाच्या रिंगला लागून, एक खोली द्यावी. तिच्यात कुलूप असलेली चार पोलादी कपाटे, एक स्कॅनर आणि भिंतीवर छायाचित्रे लावायची सोय एवढे पुरे. खोली रिंगला लागूनच असावी हा माझा आग्रह आहे, कारण दूरच्या संग्रहालयात मुले शाळेच्या सहलीला एकदा जातात, सरावानंतर घाम पुसत मात्र ती रोज त्या भिंतीसमोर उभी राहतील.

मा. कुलगुरूंना माझी विनंती आहे की १९२३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन बॉक्सिंगचे जे निकाल आणि संघांची छायाचित्रे जपली असतील ती या कामासाठी खुली करावीत, आणि इतिहास व शारीरिक शिक्षण या दोन विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जुन्या खेळाडूंच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम प्रकल्प म्हणून द्यावे. हे काम याच शैक्षणिक वर्षात सुरू व्हावे. मुलाखत घेताना पदक कोणते मिळाले हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे की शिकवले कोणी, सराव कुठे झाला, ग्लोव्हज कोणाचे होते, घरचे काय म्हणाले, खेळ का सुटला. कामठी, मोहननगर, मोमिनपुरा, इंदोरा, अजनी अशा मोहल्लावार याद्या कराव्यात. पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयातली मध्य प्रांताच्या काळातली कागदपत्रे आणि १९११ पासून निघणाऱ्या 'हितवाद'सारख्या वृत्तपत्रांचे जुने अंक यांतून स्पर्धांच्या बातम्या काढणे हे दोन-तीन चिकाटीच्या विद्यार्थ्यांचे वर्षभराचे काम आहे, अशक्य काहीच नाही.

मा. आयुक्तांनी मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य या दोन्ही रेल्वेंच्या नागपूर विभागांना आणि कामठीच्या लष्करी अधिकाऱ्यांना शहराच्या वतीने पत्र लिहावे, इन्स्टिट्यूटमधील जुनी सभासद-रजिस्टरे, ढाली आणि छायाचित्रे पाहू देण्याची विनंती करावी. माझ्यासारख्या एकट्या निवृत्त माणसाच्या अर्जाला जे दार उघडत नाही, ते शहराच्या पत्राला उघडते. परदेशी स्थायिक झालेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांनाही आवाहन करावे. त्यांच्या अल्बमातली मूळ छायाचित्रे आपल्याला नकोत, नक्कल पुरे.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की या कामात कोण कोणत्या गटाचा हा प्रश्न आणू नका. गेल्या पन्नास वर्षांत मी पंच म्हणून तुमच्यापैकी बहुतेकांच्या लढती पाहिल्या आहेत. कागदावर गुण मांडायचे ते दिवस, नंतरचे संगणकाचे बटण आणि आताची फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण देण्याची पद्धत, तिन्ही मी पाहिल्या. दोरांच्या आत तुम्ही एकमेकांना मिठी मारून लढत संपवत होता. तेवढेच आता दोरांच्या बाहेर करायचे आहे.

लाल वही मी या कामासाठी देणार आहे, तिच्यासोबत माझ्या पत्र्याच्या पेटीतली बत्तीस छायाचित्रे आणि मास्तरांचे रेल्वेचे घड्याळही देणार आहे. घड्याळ बंद आहे, त्याची फक्त स्प्रिंग गेली आहे. अट एकच आहे. वहीची पाने मोजून, छायाचित्रांवर अनुक्रमांक टाकून, तारीख आणि शिक्का असलेली पोच माझ्या हातात मिळाली पाहिजे, आणि तशीच पोच यापुढे प्रत्येक घरातून येणाऱ्या प्रत्येक कागदाला दिली गेली पाहिजे. तारीख कळवावी, वही घेऊन मी स्वतः येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त बॉक्सर व पंच
अजनी, नागपूर